वाचता येणारीची खुर्ची

"आज्जी, तू ऐकतच नाहीस. नुसती व्हय व्हय म्हणतीस," असं म्हणून समृद्धीनं पुस्तक मिटलं आणि ती उठली. दारात पोचल्यावर मागं न बघता म्हणाली, "नागूआज्जी ऐकती."

सत्यभामाबाईंच्या बोटांत धरलेली भुईमुगाची शेंग तशीच राहिली. धाराशिवला आनंदनगरातल्या स्वतःच्या घराच्या ओट्यावर, स्वतःच्या सुपापुढं बसलेल्या बाईला तिच्याच नातीनं असं सुनवावं, आणि तेही नागूचं नाव घेऊन! नागू म्हणजे त्यांची धाकटी जाऊ, तेरच्या पलीकडं टेकाडवस्तीवर राहणारी. अंगठाबहाद्दर. एसटीत चढली की कंडक्टरला तीनदा विचारणार, "ही तेरलाच जाती ना? परत सांगा की." आठ वर्षांच्या पोरीनं ते नाव काही चिडून घेतलं नव्हतं. उन्हात कापड टाकलं की वाळतं, असं एखादं माणूस सांगतं, तितक्या साधेपणानं ती बोलली होती, आणि टोचलं ते त्यामुळंच. पोरगी चिडली असती तर खोबऱ्याच्या तुकड्यावर मिटलं असतं. सत्यभामाबाईंनी शेंग फोडली. आतला दाणा खवट होता. तो त्यांनी थुंकला नाही, चावून गिळला.

खरं तर चूक त्यांचीच होती, आणि चूक म्हणजे पोरगी तिकडं धाडली ही. दिवाळीआधी सून दीपमाला डेंगीनं पडली. शिवशंकरची वीज मंडळातली नोकरी, दिवसभर खांबाखांबाखाली. सुनेचं बघायचं की पोरीचं, म्हणून सत्यभामाबाईंनीच सांगितलं होतं, टाक तिला तीन आठवडे वस्तीवर. मनात हेच, की पोरगी चार दिवसांत कंटाळेल, आज्जी आज्जी करत रडेल, आणि नागूला कळेल की शहरातलं लेकरू सांभाळणं म्हणजे शेरडं हाकणं नव्हे. पण पोरगी रडली नाही. तिकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन बसू लागली, आणि परत आली ती वेगळीच होऊन. पहिल्यांदा पेपर हातात घेऊन शेवटच्या पानापर्यंत वाचत सुटली. मग दुकानांच्या पाट्या. मग बापाला विचारायला लागली, "पप्पा, तुम्ही आत्ता म्हणालात त्याचा अर्थ काय?" टायवाल्या इंग्रजी शाळेत दोन वर्षं जी पोर 'मे आय गो टू टॉयलेट' यापलीकडं तोंड उघडत नव्हती, ती. सगळ्यांना आनंद झाला. सत्यभामाबाईंनाही झाला, पण तो आनंद म्हणजे दुसऱ्याच्या घरच्या पुरणपोळीचा वास. नाकाला गोड लागतो आणि पोटात आग पडते.

त्या दिवशी दुपारी ताटावर बसल्यावर शिवशंकरनं विषय काढला. "आई, दीपमालाचं आन् माझं बोलणं झालंय. समृद्धीला दोन-तीन वर्षं तिकडंच ठेवावं म्हणतो. काकूकडं. चौथीपर्यंत. पण तू हो म्हणशील तरच."

"तिकडं काय हाय? एक मास्तरीण, चार वर्ग, पत्र्याच्या दोन खोल्या. संडासाला दार न्हाय म्हणं."

"दार आहे आता. वस्तीवाल्यांनी बसवलं."

"म्या बघून येते," सत्यभामाबाई म्हणाल्या. "नुसत्या सांगण्यावर म्या मेथीची जुडी घेत न्हाय, ही तर पोर हाय." नाही म्हणायचं हे त्यांचं ठरलंच होतं. फक्त नाही म्हणायला एक धडधडीत कारण डोळ्यांनी बघून आणायचं होतं.

शनिवारी सकाळी पोरीला घेऊन त्या तेरच्या गाडीत बसल्या. खिडकीतून तुरीची पिवळी शेतं मागं पळत होती आणि समृद्धी काचेवर बोट ठेवून मैलाचे दगड वाचत होती. सत्यभामाबाईंना आठवत होतं ते वेगळंच. तेरलाच त्यांचं माहेर. दुसरीत असताना गुरुजींनी उभं केलं, वाच म्हणाले. सत्यभामानं खाडखाड वाचलं. तिला सगळा धडा पाठ होता, मागच्या बाकावरच्या पोरी वाचायच्या तो ऐकून ऐकून. गुरुजी खूश झाले आणि पुढचं पान काढ म्हणाले. पान उलटलं, तरी सत्यभामाच्या तोंडून मागच्याच पानाचा धडा चालू. अख्खा वर्ग हसला. गुरुजीही हसले, वाईट मनानं नव्हे, पण हसले. दुसऱ्या दिवशी तिच्या पोटात दुखलं. तिसऱ्याही दिवशी दुखलं. मग घरच्यांना धाकट्या भावाला सांभाळायला माणूस हवंच होतं. पुढं लग्नात सांगितलं, मुलगी दुसरी पास. पाटबंधारे खात्यात कारकून असलेल्या आण्णासाहेबांनी ते कधी तपासलं नाही. सही शिकून घेतली होती, ती पुरली. बाकी सगळीकडं मान हलवायची. बँकेत मान, दवाखान्यात मान, मुलाच्या शाळेत मान. मान नीट हलवता आली की जग तुम्हाला शहाणं समजतं, हे त्यांनी चाळीस वर्षं बघितलं होतं. आणि ही नागू! लग्न होऊन आली त्याच साली तलाठ्यापुढं उभं राहून म्हणाली, "सायेब, मला न्हाय कळलं. परत सांगा. माझ्या डोक्यात उजेड पडंस्तोवर सांगा." तलाठी हसला, चावडीवरची माणसं हसली, सत्यभामाबाई लाजेनं अर्ध्या झाल्या. आणि वाटेत आण्णासाहेब बैलगाडीत म्हणाले, "नागू विचारती ते बरं करती." त्या एवढ्याशा वाक्याला आता तीस वर्षं झाली होती. आण्णासाहेब जाऊन पाच झाली. वाक्य काही जात नव्हतं. त्यांच्या ऑपरेशनच्या वेळीही तेच. डॉक्टर काय काय बोलले, सत्यभामाबाईंनी मान हलवली. नागूनं मात्र डॉक्टरला दारात अडवून कागदावर पोटाचं चित्र काढायला लावलं, काय द्यायचं, काय न्हाय द्यायचं, दोनदा म्हणवून घेतलं. आण्णासाहेब त्यानंतर सात वर्षं जगले. देवीच्या कृपेनं जगले, असं सत्यभामाबाई सगळ्यांना सांगत.

टेकाडवस्तीची शाळा त्यांना वाटली होती त्याहून वाईट दिसली, आणि त्यांना बरं वाटलं. पत्रा गंजलेला. भिंतीवरच्या नकाशातला समुद्र ओलीनं पुसलेला. फळ्याचा एक कोपरा उडालेला. पोरांच्या अंगात एकसारखे कपडे होते तेवढंच. दारातच नागूबाई दिसल्या, डोक्यावर पदर, पायाला शेतातली माती. वाकून पाया पडल्या. "आक्का! सांगून न्हाय का यायचं? गाडी धाडली असती शेजारच्या ज्ञानोबाच्या बापाची."

"सांगून आलं की झाडून ठेवतेत," सत्यभामाबाई म्हणाल्या. "म्हणून न्हाय सांगितलं."

"झाडलंय की. आज आपलाच वार हाय."

वार म्हणजे काय ते त्यांना आत गेल्यावर कळलं. बाई होत्या इरम्माबाई, उमरग्याकडच्या, बोलताना शब्द कानडीसारखे शेवटाला जरा ओढायच्या. दुसऱ्या मास्तरांची बदली होऊन वर्ष झालं, जागा रिकामीच. एकोणीस पोरं, चार वर्ग, एक बाई. पूर्वी गरीब पोरं गावात वार लावून जेवायची, तसे इरम्माबाईंनी वस्तीच्या घरांना वार लावले होते, पण जेवायचे नव्हे, ऐकायचे. ज्या घराचा वार, त्या घरची एक बाई येऊन दोन तास सतरंजीवर बसणार. पोरं एकेक करून तिच्यापुढं वाचणार. तिनं एवढंच करायचं, कळलं तर कळलं म्हणायचं, न कळलं तर न्हाय कळलं म्हणायचं. न्हाय कळलं म्हणाली की पोरानं परत वाचायचं, तरी न्हाय कळलं तर आपल्या शब्दांत सांगायचं. तिला कळलं की मगच पोराचं वाचून झालं. "मी एकटी कुणाकुणाचं ऐकू, आज्जी?" इरम्माबाई म्हणाल्या. "शिकवायला मी आहे. मला ऐकायला माणूस पाहिजे होतं. संगणक मागितला असता तर दहा वर्षं आला नसता. कान वस्तीवर होतेच की."

सतरंजी खिडकीखाली पसरली होती. जुनीच, कडेनं उसवलेली. तरी तिच्याकडं बघून सत्यभामाबाईंना ती एकदम मानाची वाटली. लग्नात विहिणीला बसायला घालतात तशी. आणि नागू तिच्यावर बसायला निघालीच होती, तेवढ्यात थांबली. "आक्का, तुमी थोरल्या. आपल्या लोमट्यांच्या घरचा वार, तर मान तुमचा. बसा."

सत्यभामाबाई पदर सावरून पुढं झाल्या. आठ वर्षांच्या पोरीला, बाईला, या नागूला एकदा दाखवू, कान कुणाचे तयार आहेत ते. इरम्माबाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, "आज्जी, तुम्हाला वाचता येतं?"

चाळीस वर्षांत या सवालाला त्यांनी एकच जवाब दिला होता. "न येऊन कसं चालंल? दुसरी पास हाय म्या."

"मग नाही चालणार हो," इरम्माबाई हसून म्हणाल्या. "सतरंजीवर वाचता न येणारीच लागती. वाचता येणारी पुस्तकात डोकावती. पोरगं अडखळलं की तिचं तीच शब्द पुरवती. पोरं लबाड, तिच्या तोंडाकडं बघून वाचतेत. न येणारीपुढं लपायला जागा नसती. तुम्ही पाहुण्या, तुम्ही इथं बसा." आणि त्यांनी कोपऱ्यातली निळी प्लॅस्टिकची खुर्ची पदरानं पुसून दिली.

सत्यभामाबाई खुर्चीवर बसल्या. उंच बसल्या, सगळ्यांहून उंच. त्यांच्या पायाशी नागू मांडी घालून सतरंजीवर बसली आणि पहिलंच पोरगं, धुळाप्पा नावाचं, तिच्यापुढं गुडघे टेकून वाचायला लागलं. विहिरीतल्या मोटारीविषयी काहीतरी होतं. भराभर वाचत होतं. नागू डोळे बारीक करून ऐकत होती, तोंड थोडं उघडं, जशी ती तलाठ्यापुढं उभी असायची. "थांब रं. पाणी आधी वर येतंय का आधी मोटार चालू व्हती?" पोरानं पुन्हा पाहिलं. पुन्हा वाचलं, आता हळू. "आन् हवा कुठून जाती?" पोरगं पुस्तकात डोकं खुपसून बसलं, मग एकदम चेहरा उजळला आणि हात हलवून हलवून सांगायला लागलं. "आता कळलं," नागू म्हणाली. "लई शाना हाईस. आपली मोटार का हवा धरती ते आज कळलं मला." पोरगं उड्या मारत गेलं. त्याला शाळेनं काही दिलं नव्हतं, ना बक्षीस ना खाऊ. त्यानं एका मोठ्या बाईला काहीतरी शिकवलं होतं, तेवढंच. सत्यभामाबाईंनी ते बघितलं, आणि न बघितल्यासारखं करायला त्यांना पत्र्याकडं बघावं लागलं. माझी चाळीस वर्षं मान हलवण्यात गेली, आणि हिनं न कळण्याचीच कमाई केली. अडाणीपणाचासुद्धा कुणी मान करतं, हे कुणी मला सांगितलं असतं तर! खुर्ची चांगली होती. मागं टेकायला होतं. तरी त्यांना सुरवंटावर बसल्यासारखं होत होतं. समोर चार हात कापड, आणि तिथवर जायला फक्त एवढंच म्हणायचं होतं, न्हाय येत मला.

मग समृद्धी बसली नागूपुढं. गुडघ्याला गुडघा लावून. तिनं वाचलेलं सत्यभामाबाईंना नीट ऐकूच आलं नाही, कारण त्या पोरीचा चेहरा बघत होत्या. घरी वाचताना ती पुस्तकाकडं बघे. इथं एक ओळ पुस्तकात आणि एक ओळ नागूच्या डोळ्यांत, अशी वाचत होती. मध्येच दोघी हसल्या. कशाला हसल्या ते खुर्चीपर्यंत आलं नाही.

सुट्टीच्या आधी इरम्माबाईंनी एक लांब वही आणि पेन पुढं केलं. "आज्जी, पाहुणे आले की दोन ओळी लिहितात. शाळा कशी वाटली ते. तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईनं लिहिलं तर साहेब लोकांना दाखवता येईल."

वहीचं पान कोरं होतं. खोलीतली पोरं बघत होती. नागूही बघत होती, आणि तिच्या बघण्यात काही नव्हतं, कौतुकच होतं, आक्का लिहिणार म्हणून. सत्यभामाबाईंनी पेन घेतलं नाही. "चष्मा..." त्या म्हणाल्या. चष्मा नाकावरच होता.

"तो लांबचा आहे," समृद्धी पटकन म्हणाली. "जवळचा घरी राहिला. मी लिहिते, आज्जी सांगेल तसं." आणि तिनं वही स्वतःकडं ओढली. काय लिहू म्हणून तिनं विचारलं नाही. आपल्या मनानंच दोन ओळी लिहिल्या आणि पेन आज्जीच्या हातात देऊन सहीची जागा बोटानं दाखवली. सत्यभामाबाईंनी सही केली. कशावर केली ते त्यांना ठाऊक नव्हतं. आज्जीला लिहिता-वाचता येत नाही हे पोरीला ठाऊक होतं. कधीपासून ठाऊक होतं, कुणास ठाऊक.

भाकरी खायला त्या नागूच्या घरी गेल्या. नागूनं तुरीच्या कोवळ्या दाण्यांची आमटी केली होती आणि ती चांगली झाली होती, हाही एक ताप. जेवण झाल्यावर नागू गुरांना पाणी दाखवायला गेली आणि पडवीत आज्जी-नात दोघीच उरल्या.

"समृद्धे, चार वाजता गाडी हाय. पिशवी भर."

"मी इथं राहणार आहे ना? जूनपासून? पप्पा म्हणाले, तू हो म्हणणार आहेस."

"न्हाय म्हणणार हाय."

पोरीनं ओरडायला हवं होतं. त्याची तयारी सत्यभामाबाईंनी केली होती. पण ती येऊन त्यांच्या समोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून. "का?"

"पत्रा गंजलाय त्या शाळेचा. पाऊस पडला तर डोक्यावर येईल."

समृद्धीनं थोडा विचार केला. "न्हाय कळलं. पत्रा माझ्या शाळेत पण आहे, सायकलींवर. परत सांग."

"एकच मास्तरीण हाय. उद्या तिची बदली झाली मंजे?"

"मग दुसऱ्या बाई येतील. सतरंजी इथंच राहील की. न्हाय कळलं, आज्जी."

"तुझ्या आईला करमणार न्हाय."

"मम्मीनंच पप्पांना सांगितलं." तिच्या आवाजात हट्ट नव्हता. ती नुसती वाट बघत होती, डोळे बारीक करून, तोंड थोडं उघडं ठेवून. साठीच्या पलीकडं गेलेल्या सत्यभामाबाईंपुढं असं कुणी कधी बसलं नव्हतं. आण्णासाहेब चांगले होते, पण ते हुकूम ऐकत आणि मान हलवत. मुलगा ऐकून फोनकडं बघे. आयुष्यभर त्या बोलत आल्या, घर त्यांच्या बोलण्यावर चाललं, आणि त्यांचं बोलणं संपल्यावर कुणी थांबून राहिलं असं कधी झालं नाही. सांगायला कारणं अजून होती. पाणी जड आहे, विंचू निघतात, इंग्रजी बुडेल. ती तोंडाशी आलीही. पण पोरगी तिथंच बसून राहणार होती, हे त्यांना दिसत होतं, एकेक कारण हातात घेऊन, उलटून बघून, परत देत.

"तू नागूची व्हशील," सत्यभामाबाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "आत्ताच अर्धी झालीस. तिच्यापुढं हसतीस तशी माझ्यापुढं हसत न्हाईस. मला जळतंय समृद्धे. हितं, छातीत. तिच्यावर जळते म्या. आजची न्हाय, लई वर्सांची."

पडवीत माशी घोंघावत होती. पोरीनं डोळे मोठे केले, मग मान खाली घातली आणि जमिनीवर बोटानं काहीतरी रेघा ओढल्या.

"आता कळलं," ती म्हणाली. आणि उठून पिशवी भरायला लागली.

रडली नाही, तोंड वाकडं केलं नाही. मागच्या वेळी इथं राहिलेल्या फ्रॉकची घडी घातली, त्यावर पुस्तक ठेवलं, वस्तीवरच्या पोरांनी दिलेल्या चिंचोक्यांची पुरचुंडी कोपऱ्यात कोंबली. आज्जीला जळतं, म्हणून आपण जायचं. तिला ते कळलं होतं आणि कळल्यावर तिनं ते मान्य केलं होतं, एवढं सोपं. सत्यभामाबाई जिंकल्या होत्या. जिंकल्यावर असं वाटतं हे त्यांना माहीत नव्हतं. या पोरीला असं कळून घ्यायला त्या पत्र्याच्या खोलीनं शिकवलं होतं, टायवाल्या शाळेनं नव्हे, आणि आनंदनगरातल्या घरानं तर नव्हेच. आता ती परत येईल, दिवसरात्र जवळ राहील, आणि आपल्याशी इतकं सांभाळून वागेल की कधी म्हणणार नाही, आज्जी, तू ऐकत नाहीस. ही शेवटची गोष्ट त्यांना सोसवेना.

नागूबाई रिकामी बादली घेऊन पडवीत आल्या. पिशवी बघून थबकल्या. "आक्का, एवढ्यात निघालात? चार वाजायला वेळ हाय की."

"म्या एकटी जाणार हाय," सत्यभामाबाई भिंतीकडं बघत फाडकन म्हणाल्या. "पोरगी आत्तापास्नंच ऱ्हाऊ दे. कपडे शिवशंकर आणून देईल. पण तुझ्या वाकळंत निजवायची न्हाय. माझी वाकळ धाडते म्या, आण्णासाहेबांच्या धोतराची. त्यातच निजंल ती. आन् शनवारी दुपारी न्यायला म्याच येणार, तू आणून सोडायची न्हाईस." पिशवीवर वाकलेल्या समृद्धीचे हात थांबले.

नागूबाईंनी बादली खाली ठेवली. पदरानं हात पुसले आणि दोन पावलं जवळ आल्या. डोळे बारीक झाले.

"न्हाय कळलं आक्का," त्या म्हणाल्या. "परत सांगा की."

सत्यभामाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. टोमणा शोधला, तिथं तो नव्हता. नागूला खरंच कळलं नव्हतं. मग ती पोरगी त्यांना पुन्हा एकदा, सावकाश, एकेक शब्द सुटा करून द्यावी लागली.